घरच्यांना केसपेपर नसतो

रविवारच्या बैठकीत घरच्या माणसाचं दुखणं काढायचं नाही, हा दवाखान्याचा सगळ्यात जुना नियम. तो घातला मोठ्या डॉक्टरांनी आणि मोडला त्यांच्या नातीने. तोही असा बेमालूम मोडला, की बैठक संपत आली तरी मोठ्या डॉक्टरांना पत्ता नव्हता. आत्याला मात्र होता. ती औषधांच्या खिडकीमागे मांडीवर गणवेशांचे सदरे घेऊन बटणं लावत बसली होती, आणि त्या सकाळी तिने एक बटण चक्क काजांच्या बाजूला लावून टाकलं.

रविवारी दवाखाना बंद असायचा, पण घरातले चारही डॉक्टर न्याहारी उरकून तिथे जमायचे आणि पेशंटच्या बाकांवर बसायचे. डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की डोकं झोपतं, असं मोठ्या डॉक्टरांचं मत होतं. ज्याचा पेशंट अडला असेल त्याने मधल्या गोल स्टुलावर बसायचं आणि स्वतःच तो पेशंट व्हायचं. 'त्याला जळजळ होते' असं म्हणायचं नाही, 'मला जळजळ होते' असं म्हणायचं. नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी खोदून खोदून विचारायचं आणि शेवटचा शब्द मोठ्या डॉक्टरांचा. आत्याच्या भाच्याने, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या मुलाने, एकदा त्या स्टुलावर बसून गरोदर बाईचं गाऱ्हाणं इतकं हुबेहूब मांडलं होतं, की पुढे कित्येक दिवस घरात त्याला कोणी जड उचलू देत नव्हतं.

एवढा सगळा कीस परक्यांसाठी. घरच्यांची तऱ्हा वेगळी होती. घरात कोणाचं डोकं दुखलं की मोठे डॉक्टर जेवता जेवता खिशातून गोळी काढून ताटाशेजारी ठेवणार, भाचा जिन्यातच नाडी बघणार, आणि विषय संपला. त्या गोळीने बरं वाटलं का, हे विचारायला कोणी परत येत नसे. पेशंटला केसपेपर आणि घरच्यांना टोपणनाव, अशी या घराची वाटणी होती. आत्याच्या वाट्याला आलेलं नाव होतं 'आईगं आत्या'. ते मुलांनी ठेवलं, मोठ्यांनी उचललं, आणि आत्याने हसून घेतलं, कारण न हसून करते काय.

आत्या म्हणजे मोठ्या डॉक्टरांची धाकटी बहीण. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं गणवेश शिवायचं दुकान. सारं आयुष्य कटिंगच्या टेबलापाशी उभ्याने गेलं आणि गुडघ्यांनी त्याचा सूड घेतला. वर्षभर तिला जिना चढता आला नव्हता. वर मशिनींवर चादरी पडल्या होत्या, आणि खाली बसून होईल तेवढं बटणं-काजांचं काम ती ओढत होती. गुडघे बदलता येतील, असं मोठ्या इस्पितळातल्या सर्जनने सांगितलं होतं. आत्याने नाही म्हटलं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर जे भोगलं ते पुन्हा भोगायची तिची तयारी नव्हती. यावर घराने एकमेकांकडे बघून मान हलवली. आणि भाचा, जो मनाने वाईट नव्हता पण जागेच्या बाबतीत फार दूरदृष्टीचा होता, त्याने रक्ततपासणीची लॅब वरच्या खोलीत हलवायची गोष्ट काढली. खोली तशीही रिकामीच आहे, असं तो म्हणाला. आत्याला तेव्हा गुडघ्यांपेक्षा ते 'तशीही' जास्त लागलं.

या सगळ्यात धाकटी डॉक्टर, म्हणजे भाच्याची मुलगी, शिक्षण संपवून दवाखान्यात रुजू झाली आणि पहिल्या महिन्यातच तिने घरात काडी टाकली. काही औषधं लिहिण्याआधी पेशंटच्या जनुकांची तपासणी करायची, असं तिचं म्हणणं. गालाच्या आतून एक बोळा फिरवायचा, तो लॅबला पाठवायचा, आणि कुठलं औषध या माणसाला लागू पडेल, कुठलं वाया जाईल, कुठलं अंगावर येईल, याचा अंदाज आधीच घ्यायचा.

रविवारामागून रविवार त्यावर खल झाला. मोठे डॉक्टर म्हणाले, मी माणूस दारातून आत येताना बघतो, चपला काढताना बघतो, आणि मला काय द्यायचं ते कळतं, मला त्याची लाळ नको. भाचा म्हणाला, बाहेर बाकं भरलेली असतात, एका पेशंटला मी बोलायला धड वेळ देऊ शकत नाही, त्यात हे समजावून कधी सांगू, आणि निकाल यायला आठवडा लागतो तोवर त्याने दुखत बसायचं का? भाचेसुनेचं म्हणणं सगळ्यात प्रामाणिक होतं. ती म्हणाली, अहवाल आला आणि मला तो वाचताच आला नाही तर? आमच्या वेळी हे शिकवलंच नव्हतं. पेशंटसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा मी तो मागवणारच नाही. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. यातलं निम्मं खरं आहे हे तिलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती चिडत नव्हती. चिडली असती तर आजोबांनी तिला केव्हाच गुंडाळलं असतं.

त्या शनिवारी मात्र ती आत्याच्या खोलीत आली आणि पलंगावर टेकली.

"आत्याआजी, मी उद्या तुला स्टुलावर बसवणार आहे. चालेल?"

आत्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली. धाकटीने तिला सगळं विचारलं, म्हणजे खरोखर विचारलं, उत्तराची वाट बघत. गोळी घेतल्यावर काय झालं, किती वेळाने, मळमळलं का, दाढ काढली तेव्हा काय दिलं होतं. मग तिच्या गालातून बोळा फिरवून एका नळीत बंद केला. जाताना म्हणाली, निकाल नेहमीसारखा आला तरी तुझं दुखणं खोटं ठरत नाही, दुखायला जनुकांशिवाय इतर कारणंही असतात. आत्याने मान डोलावली, पण सुई परत उचलली नाही. कारण ही पोरगी काहीही म्हणो, निकाल नेहमीसारखा आला तर घर काय म्हणणार हे तिला पाठ होतं. आजवर ती नुसती रडूबाई होती. आता लॅबच्या शिक्क्याची रडूबाई होणार होती.

तर तो रविवार. धाकटी स्टुलावर बसली, पाय जवळ घेतले, आणि एकदम थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझी चाळिशी उलटलीये. पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. दुखतंय. कोडीनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी काहीच होत नाही."

भाचेसुनेने विचारलं, डोस वाढवून बघितला का. वाढवला होता, मळमळ तेवढी वाढली. भाच्याने जखमेचं विचारलं. जखम स्वच्छ, ताप नाही. आधी कधी ही गोळी घेतली होती का? दाढ काढताना घेतली होती, तेव्हाही रात्रभर जागी होते. मोठे डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. अडलेला पेशंट मिळाला की त्यांच्या चेहऱ्यावर चांगलं जेवण समोर आल्यासारखं समाधान यायचं.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"भाऊ आहे. तो म्हणतो, माझं मन कच्चं आहे."

"भावाला काय कळतंय? त्याला खोलीबाहेर बसवा आधी. नातेवाइकांचं ऐकून डॉक्टरांचं डोकं बिघडतं."

खिडकीमागे आत्याने ओठ आत ओढून घेतले. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटी पुढे म्हणाली, "नंतर डॉक्टरांनी गोळी बदलली. म्हणाले, ही फार कडक आहे, हिने घोडासुद्धा झोपेल. मला तिनेही काही वाटलं नाही. ती साधी जीवनसत्त्वाची गोळी होती. मला सांगितलं नव्हतं."

"बरं. आणि डॉक्टरांनी त्यावरून काय ठरवलं?"

"की इतक्या कडक गोळीनेही हिला बरं वाटत नाही, म्हणजे हिला मुळात काही होतच नाहीये."

मोठ्या डॉक्टरांनी डोळे उघडले. ते बाकावरून पुढे सरकले आणि वयाच्या मानाने फार चपळाईने उठून उभे राहिले. "उलटं," ते म्हणाले. "अगदी उलटं. ही बाई मनाचं दुखणं घेऊन बसली असती, तर त्या घोड्याच्या गोळीने तिला तासाभरात बरं वाटलं असतं. नाटक करत असती, तरी डॉक्टर खूश व्हावा म्हणून थोडं बरं वाटतंय म्हणाली असती. ही म्हणते, नाही वाटत. म्हणजे ही बाई जे होतंय तेच सांगते. अशी सरळ पेशंट नशिबाने मिळते. तिचं दुखणं खरं आहे आणि तुमची गोळी खोटी आहे. दुसरं औषध द्यायचं सोडून तिची परीक्षा कसली घेता? कोण हा डॉक्टर? पदवी कुठे सांडून आला तो?"

भाचा आधी मुलीकडे आणि मग खिडकीकडे बघायला लागला. त्याच्या बायकोने हळूच चष्मा काढून पुसायला घेतला. मोठ्या डॉक्टरांनी ती युक्ती त्या काळी कितीतरी जणांवर केली असेल, त्यांना यातली कोणती एक आठवणार? आत्यालाही ती कळली होती वहिनीकडून, वहिनी जाण्याच्या आदल्या वर्षी. "सांगू नका म्हणाले होते, पण मला राहवत नाही," असं म्हणून वहिनीने ते ओझं तिच्या ओटीत टाकलं आणि आपण मोकळी झाली. शनिवारी धाकटीने विचारेपर्यंत आत्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग काय, तेव्हा तो मोठा डॉक्टर आणि ती आईगं.

तिने खिडकीची फळी वर सरकवली.

"दादा," ती म्हणाली, "तूच."

मोठ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि परत आला. परत आला तो राग होऊन. नियम मोडल्याबद्दल ते नातीला बोलले, आत्याचा बोळा लॅबला जाणार हे कळल्यावर आणखी बोलले, फळीआड बसून ऐकल्याबद्दल बहिणीला बोलले, आणि मुलगा मध्ये पडला म्हणून त्यालाही दोन शब्द मिळाले. पण स्वतःचा निकाल काही मागे घेता येईना. तो त्यांनी सगळ्यांसमोर, उभं राहून दिला होता. मग कोंडीत सापडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. सगळ्यात मोठी बढाई बाहेर काढली.

"माझा मूतखडा आठवतो ना सगळ्यांना? मलाही ह्याच जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. माझ्यावरही काडीचा परिणाम झाला नाही. मी कोणाला सांगत बसलो? भिंतीकडे तोंड करून पडलो आणि सोसलं. मग माझ्याही जनुकात खोट आहे म्हण. घे माझीही लाळ. माझा निकाल ठणठणीत येईल, आणि मग कळेल तुला, सोसणं वेगळं आणि तुझी ही तपासणी वेगळी."

त्यांनी तोंड उघडलं, तेही भांडायला उघडावं तसं. धाकटीने पिशवीतून दुसरी नळी काढली.

पुढचे दिवस घरात दोन पक्ष पडले आणि ते रोज बदलले. भाचा सुरुवातीला वडलांच्या बाजूने होता, कारण मुलीने आजोबांना असं सापळ्यात धरणं त्याला रुचलं नव्हतं. पण दोन दिवसांनी दवाखान्यात एक जुनी पेशंट त्याला म्हणाली, डॉक्टर, तुमच्या त्या गोळीने मला काहीच होत नाही, आणि त्याने नेहमीप्रमाणे 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी तिला खोदून खोदून विचारत बसला. त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर गर्दी ताटकळली. संध्याकाळी तो आत्याकडे आला, खुर्चीच्या काठावर बसला, हवापाण्याचं बोलला, आणि उठताना म्हणाला, वरच्या खोलीचं एवढं काही नाही, लॅब खालीही बसेल. आत्याने त्याला लाडू असता तर दिला असता, पण घरात नव्हता, म्हणून बटणांचा डबा जिन्याखाली ठेवायला दिला.

भाचेसून कोणाच्याच बाजूला नव्हती. ती रोज दुपारी दार लावून वाचत बसायची. आत्याला वाटलं, वाद टाळतेय. एकदा मात्र ती अहवालाचे नमुने घेऊनच आत्याच्या खोलीत आली आणि म्हणाली, "आत्या, मला हे तुम्हाला समजावून बघायचंय. तुम्हाला कळलं तर पेशंटला कळेल." मग बराच वेळ ती कापडाची, रंगाची, शिलाईची उदाहरणं देत राहिली आणि आत्या दर वाक्याला, हे नाही कळलं, परत सांग, असं म्हणत राहिली. दोघींनाही फार वर्षांनी एकमेकींची संगत आवडली.

आत्याला झोप मात्र लागत नव्हती. निकाल येऊच नये, असंही तिला मधूनच वाटायचं. न आलेल्या निकालात निदान आशेला जागा होती. दादाचा निकाल ठणठणीत आणि तिचाही ठणठणीत, मग काय? मग तो धीराचा आणि ती कच्ची, हे कायमचं लिहिलं गेलं. ऑपरेशन तर दूरच, तिने उरलेलं आयुष्य त्या खिडकीमागे काजं करत काढायचं आणि उठताना तोंड दाबून धरायचं.

निकाल आले त्या रविवारी ती खिडकीमागे बसली नाही. ती बाकावर बसली, पेशंटांच्या बाकावर, भिंतीला टेकून. तिथे बस असं तिला कोणी म्हणालं नव्हतं, आणि तिथून ऊठ असंही कोणी म्हणालं नाही. अहवाल कोणी वाचायचा यावर थोडी कुरबुर झाली. मोठ्या डॉक्टरांना नातीने वाचायला नको होतं, नातीला आजोबांनी. शेवटी भाचेसुनेने हात पुढे केला. अहवाल वाचताच येणार नाही म्हणणारी ती, पण तिने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"कोडीन पोटात गेलं की लगेच कामाला लागत नाही," ती म्हणाली. "यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते त्याचं रूप बदलतं. रूप बदललं की मगच ते दुखणं थांबवतं. ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाचंही बरंचसं तसंच. काही माणसांत ते विकर काम करतच नाही. त्याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रत बिघडलेली आणि वडलांकडून आलेलीही बिघडलेली. अशा माणसाला तुम्ही कितीही गोळ्या द्या, दुखणं तिथेच राहतं. आत्यांचा निकाल तसा आहे."

आत्याने पदर तोंडाशी नेला नाही, डोळे पुसले नाहीत. तिला फक्त एकदम खूप हलकं वाटलं. खरं होतं. जे दुखलं ते खरं होतं.

"आणि माझा?" मोठे डॉक्टर म्हणाले.

भाचेसुनेने दुसरा कागद उचलला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिला तो पाठ झाला होता. "बाबा, तुमचाही तोच. अक्षर न् अक्षर तोच."

मोठ्या डॉक्टरांनी कागद मागून घेतला. वरचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, परत नाव वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर भाच्याला पराभव दिसला असावा, कारण तो उठून पाणी आणायला गेला. आत्याला पराभव दिसला नाही. तिला दिसला, भिंतीकडे तोंड करून पडलेला तिचा भाऊ. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. फक्त तो गप्प राहिला आणि शूर ठरला. ती बोलली आणि आईगं झाली.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "मी शूर वगैरे नव्हतोच."

"होतास की," आत्या म्हणाली. "मीही होते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, दारातून आत येणाऱ्या पेशंटकडे बघायचे तसं. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "चुकलो गं मी," ते म्हणाले, "फार चुकलो." आणि मग, डॉक्टरकीची सवय जाणार कुठे, ते उठून आपल्या टेबलापाशी गेले, कोरा केसपेपर काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाले, "सांग. पहिल्यापासून सांग."

आत्याने सांगितलं. स्वयंपाकघरात सगळं गार झालं तरी कोणी उठलं नाही. भाचा पाण्याचा पेला हातात धरून उभ्याउभ्याच ऐकत राहिला. मध्येच ते दादा राहायचे नाहीत, मोठे डॉक्टर व्हायचे आणि पोटात कुठे दुखायचं ते बोटाने दाखव म्हणायचे. आत्या दाखवायची. केसपेपरची एक बाजू भरली, दुसरीही भरली.

जेवायला बसताना मोठे डॉक्टर सावरले होते, त्यामुळे अर्थातच वादाला उभे राहिले. उठसूट दर पडशाखोकल्याला लाळ गोळा करत बसायचं नाही, असं त्यांनी नातीला बजावलं. ती म्हणाली, तसं मी कधी म्हटलंच नव्हतं. मग त्यांनी भाच्याला विचारलं, बाहेर गर्दी असली तरी 'आधी कुठली गोळी लागू पडली नव्हती' एवढं विचारायला काय वेळ लागतो? भाचा म्हणाला, काहीच नाही, आणि ज्याचं उत्तर येईल त्याच्यासाठी तपासणी. भाचेसून म्हणाली, अहवाल माझ्याकडे द्या. ती इतकं सहज म्हणाली, की धाकटीचा घास हातातच राहिला. आईकडे ती असं बघत होती, जसं आपल्याच घरात एक जास्तीची खोली सापडावी.

सर्जनला फोन आत्याने स्वतः केला. फोन कानाशी लावून तिने ठणकावून सांगितलं, की मला कोडीन चालत नाही, ट्रॅमाडॉल चालत नाही, ते का चालत नाही तेही माझ्याकडे लिहिलेलं आहे, आणि त्याऐवजी तुम्ही काय देणार ते मला आधी कळलं पाहिजे. पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होतं. आत्या, हं, हं, आणि त्याने भागलं नाही तर?, असं विचारत होती. फोन ठेवला तेव्हा चारही डॉक्टर दारात उभे होते. तुम्हाला कामं नाहीत का, असं तिने विचारलं.

आधी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी अहवाल नीट वाचला आणि मांडीतल्या नसेपाशी बधिर करणारं औषध सोडायची सोय केली. गोळ्यांतही रूप बदलायची वाट न बघणारं औषध दिलं, थोडं थोडं, बेताने. शुद्धीवर आल्यावर आत्या कितीतरी वेळ छताकडे बघत दुखण्याची वाट बघत पडली होती. ते आलं. पण ओळखीच्या माणसाने येऊन कोपऱ्यात बसावं तसं आलं, छातीवर येऊन बसलं नाही. तिला झोप लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला इस्पितळात झोप लागली, आणि ती घोरली असं भाचेसुनेने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उभं करायचं होतं. फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आला. नवी नर्स होती, हसऱ्या चेहऱ्याची, घाईत. आत्याने पाय खाली सोडला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, एवढं काही दुखत नसतं हो," नर्स म्हणाली. "सगळेच उभे राहतात. मनाची तयारी करायची."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मोठे डॉक्टर बसले होते. सकाळपासून बसले होते आणि त्यांना कोणी घरी पाठवू शकलं नव्हतं. ते उठले. आवाज चढवला नाही, पण दवाखान्यात बाकांवरची गर्दी ज्या आवाजाने गप्प व्हायची, तोच तो आवाज होता.

"सिस्टर, ती म्हणते दुखतंय, म्हणजे दुखतंय. तसं लिहा. औषधाची वेळ झालीय का बघा, ते द्या, आणि मग उभी करा."

नर्सने चार्ट बघितला. वेळ झाली होती. तिने औषध दिलं, आणि मग सगळे थांबले. फिजिओथेरपिस्ट थांबला, नर्स थांबली, मोठे डॉक्टर पलंगाच्या कडेला हात टेकून थांबले. खोलीभर माणसं फक्त तिच्या दुखण्यासाठी थांबलीत, हे आत्या निवांतपणे बघत होती. तिला घाई नव्हती. एवढ्या वर्षांनी मिळालेली गोष्ट घाईने कशाला संपवायची.

मग तिने वॉकर धरला आणि उभी राहिली. नवा गुडघा कुरकुरला, ताणला गेला, आणि त्याने तिला धरलं. तिने पाऊल टाकलं, मग दुसरं. दाराशी भाचा आणि भाचेसून येऊन उभे होते, धाकटी व्हरांड्यात मागे, बाह्यांनी डोळे पुसत. मोठे डॉक्टर बहिणीच्या बरोबरीने चालत होते, तिला हात न लावता, तिच्या चालीने.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," आत्या म्हणाली.

कोणी तिला काही समजावलं नाही. ती दारातून बाहेर पडली आणि चालत राहिली.